लिटरची वही

वडिलांनी गाडी राखाडी घेतली,
कारण वात्रा दोर्नेईच्या रस्त्यांवरचा चिखलही राखाडीच.
धुण्याचा एक रविवार वाचतो, म्हणाले.
हारालाम्बिए, गॅसचे मीटर वाचणारा माणूस,
जन्मभर लोकांच्या तळघरांत वाकून
काटा कुठवर आला ते लिहिणारा,
त्याला दुसरी कुठली गाडी शोभली असती?
चार दारं, ऐसपैस डिकी, हातानं फिरवायच्या काचा.
नाकासमोर चालणारी.

शेजारचा निकानोर जर्मन गाडी घेऊन आला,
कातडी सीट, सात वर्षांचे हप्ते.
पारा उणे चोवीसवर गेला की
तोच आमच्या दारात उभा, हातात केबल,
आणि वडील काही न बोलता बॉनेट उघडायचे.
न बोलण्याचा आनंद त्यांच्या मानेवर दिसायचा.

काय नाही वाहिलं तिनं.
खारवलेल्या कोबीचं पिंप, मक्याच्या पिठाची पोती,
माझ्या लग्नाच्या केकचे दोन मजले
(तिसरा मावशीच्या मांडीवर),
एकदा एक कोकरू, जे वाटभर
गिअरचा दांडा चाटत राहिलं.

पुढच्या कप्प्यात वही.
तारीख, किलोमीटर, लिटर, शंभराला किती.
सहा पॉइंट चार. सहा पॉइंट पाच. सहा पॉइंट तीन.
हिवाळ्यात सात, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘बर्फ’,
जणू गाडीच्या वतीनं माफी.
साडेचारशे नोंदी, एकही उद्गारचिन्ह नाही.
फक्त एका जागी आकड्याखाली दोन रेघा:
पाच पॉइंट एक.

हा आकडा त्यांनी गावभर केला.
न्हाव्याला सांगितला, पाद्र्याला सांगितला,
बारशाला, मयताला.
‘पाच पॉइंट एक! तेही घाट ओलांडून!’
पंपावरचा पोरगा त्यांना त्याच नावानं हाक मारायचा.
आम्ही भावंडं टेबलाखालून एकमेकांना लाथा मारायचो.

ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, वहीसकट.
परवा टायर बदलायला थांबले होते, हाताशी वेळ होता,
म्हणून त्या रेघांच्या ओळीतली तारीख
पहिल्यांदा वाचली.
अकरा मार्च.

त्या दिवशी आईला क्लुजच्या इस्पितळातून घरी आणलं.
टाके ओले होते.
मी मागच्या सीटवर, आणि मला आठवतंय, चिडलेली:
साडेतीन तासांची वाट, आम्हाला सहा लागले.
ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते,
बिस्त्रित्साच्या अलीकडे तर एका ट्रॅक्टरनंही
आम्हाला मागे टाकलं.
रेडिओ बंद. हीटर एकवर.
तिहुत्साच्या वळणांवर ते ब्रेकला पायच लावत नव्हते,
वेग आधीपासूनच उतरवत आणत होते,
दुधाचं भरलं पातेलं घेऊन
कुणी जिना उतरावा तसे.
आई पुढे झोपली होती, तोंड उघडं,
पट्ट्याखाली दुमडलेली उशी.
फाटकाशी आल्यावर ती जागी झाली.
‘पोचलो? एवढ्यात?’
वडिलांनी तिला आत नेलं, पांघरूण घातलं,
आणि म्हणाले,
पंपावर जाऊन येतो.

काल आईला ती पानं दाखवली.
चष्मा लावून तिनं बराच वेळ पाहिलं.
‘बर्फ’ लिहिताना त्यांची नेहमी चूक व्हायची, म्हणाली,
आणि वही मिटून
माझ्या जेवणाचं विचारलं.

मीही लिहिते आता, तारीख, किलोमीटर, लिटर.
या खेपेला सात पॉइंट दोन आलं.
बर्फ नव्हता.